हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह: रिपोर्ट कसा वाचायचा आणि औषध कधी सुरू करायचे

हिपॅटायटिस बी बहुतेकांना आजारी पडून कळत नाही. रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीतून फोन येतो, गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत निघतो, हर्नियाच्या ऑपरेशनआधी किंवा आखाती देशाच्या व्हिसासाठी केलेल्या वैद्यकीय तपासणीत सापडतो. कागदावर ‘एचबीएसएजी रिअ‍ॅक्टिव्ह’ एवढेच असते, म्हणजे विषाणूच्या आवरणावरचे प्रथिन रक्तात सापडले. जुन्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह’ असे असते, तेही हेच. गावाकडे पांढरी कावीळ म्हणतात, पण यातल्या बहुतेकांचे डोळे कधीच पिवळे झालेले नसतात.

यानंतर दोनपैकी एक चूक होते. कोणी घाबरून दिसेल ते औषध सुरू करतो, तर कोणी “तुम्ही नुसते कॅरिअर आहात, काही करायचे नाही” हे ऐकून कागद कपाटात ठेवतो आणि दहा वर्षांनी पोटात पाणी झाल्यावर बाहेर काढतो. दुसरी चूक कितीतरी महाग पडते. पॉझिटिव्ह या शब्दाचा अर्थ विषाणू शरीरात आहे, इतकाच. औषध लागेल की नाही हे तीन गोष्टींवरून ठरते: विषाणू किती आहे, यकृताला सूज किती आहे, आणि यकृतात व्रण किती साचले आहेत. शिवाय हे तिन्ही आकडे काळाप्रमाणे बदलतात, म्हणून एका दिवसाच्या रिपोर्टवर आयुष्यभराचा निर्णय होत नाही.

आधी खात्री: खरोखर पॉझिटिव्ह आहे का, आणि जुनाट आहे का?

पहिली तपासणी कार्डवरची रॅपिड टेस्ट असेल तर ती प्रयोगशाळेतल्या यंत्रावर, एलायझा किंवा सीएलआयए पद्धतीने पुन्हा करून घ्या. हिपॅटायटिस बीची लस घेतल्यानंतर साधारण तीन आठवड्यांपर्यंत लसीतलेच प्रथिन तपासणीत दिसून एचबीएसएजी खोटे पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा लस कधी घेतली ते सांगा. केस आणि नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, कारण काही यंत्रांवर त्यांनी निकाल बिघडतो.

एचबीएसएजीच्या रिपोर्टवर बऱ्याचदा एक मोठा आकडा असतो, उदाहरणार्थ ४,२०० एस/सीओ. तो पाहून लोकांची झोप उडते. हा विषाणूचा आकडा नाही. ते यंत्राच्या सिग्नलचे गुणोत्तर आहे, एकच्या वर गेले की पॉझिटिव्ह, बस. दर महिन्याला तीच तपासणी करून ‘४,२०० वरून ३,८०० झाले, उतरतेय’ असे समाधान मानण्यात पैसे वाया जातात. एचबीएसएजीची खरी मात्रा मोजणारी वेगळी तपासणी असते, तिचे एकक आययू प्रति मिली असते.

एचबीएसएजी सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ पॉझिटिव्ह राहिले की आजार जुनाट समजतात. अचानक मळमळ आणि कावीळ होऊन एसजीपीटी (यकृताच्या सुजेचा आकडा) हजाराच्या घरात गेले असेल आणि अँटी-एचबीसी आयजीएम ही ताज्या संसर्गात दिसणारी अँटिबॉडी ठळक पॉझिटिव्ह असेल, तर संसर्ग बहुधा ताजा आहे. धडधाकट प्रौढांपैकी जवळजवळ ९५ टक्के लोकांचा तो आपोआप बरा होतो. जन्माच्या वेळी आईकडून झालेला संसर्ग मात्र दहातल्या नऊ बाळांत जुनाट होतो. आपल्याकडे पस्तिशी-चाळिशीत सापडणारे अनेक रुग्ण असे लहानपणापासूनच संसर्ग बाळगून असतात. सहा महिन्यांची ही व्याख्या आहे, वाट पाहण्याची मुदत नव्हे. पुढच्या तपासण्या लगेच करा.

बाकीच्या दोन अँटिबॉडींचा अर्थ थोडक्यात असा. अँटी-एचबीएस १० मिलीआययू प्रति मिली किंवा जास्त असेल तर संरक्षण आहे. अँटी-एचबीसी टोटल पॉझिटिव्ह म्हणजे कधीतरी खरा विषाणू शरीरात येऊन गेला आहे, कारण लसीने ही अँटिबॉडी तयार होत नाही. एक खाचखळगा लक्षात ठेवा: काही यंत्रांवर अँटी-एचबीसीचा आकडा उलटा वाचायचा असतो, एकच्या खाली म्हणजे पॉझिटिव्ह. आकड्याशेजारी छापलेली संदर्भ मर्यादा आणि निष्कर्ष वाचल्याशिवाय अर्थ लावू नका.

विषाणू किती आहे

यासाठी एचबीव्ही डीएनए ही तपासणी, म्हणजेच व्हायरल लोड. निकाल आययू प्रति मिलीमध्ये येतो. जुन्या रिपोर्टवर ‘कॉपीज’ असेल तर तो आकडा साधारण पाचने भागा, मगच नव्याशी तुलना करा. शेजारी ‘लॉग’ आकडाही असतो: २,००० म्हणजे ३.३, २०,००० म्हणजे ४.३, दोन लाख म्हणजे ५.३. लॉगमध्ये एकाचा फरक म्हणजे दहापट. त्यामुळे ३,००० वरून ५,००० झाले तर ती वाढ नाही, तपासणीतला नेहमीचा चढउतार आहे. ३,००० वरून ४०,००० झाले तर ती खरी वाढ.

‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ म्हणजे विषाणू सापडला नाही. ‘डिटेक्टेड, १० पेक्षा कमी’ म्हणजे आहे, पण मोजण्याइतका नाही. दोन्ही उत्तम निकाल आहेत, पण एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेपर्यंत यांपैकी कशालाही ‘बरा झालो’ म्हणता येत नाही. विषाणूचा साचा यकृताच्या पेशींच्या केंद्रकात बसून राहतो आणि रक्तात दिसत नाही.

सोबत एचबीईएजी करतात, म्हणजे वाढणारा विषाणू रक्तात सोडतो त्या प्रथिनाची तपासणी. पूर्वी एचबीईएजी निगेटिव्ह म्हणजे विषाणू थंडावला असे सर्रास सांगितले जाई. ते खरे असेलच असे नाही. विषाणूमध्ये असा बदल होऊ शकतो की तो एचबीईएजी बनवत नाही, पण वाढत मात्र राहतो. म्हणून एचबीईएजी निगेटिव्ह आणि अँटी-एचबीई (त्याविरुद्धची अँटिबॉडी) पॉझिटिव्ह आलेल्या माणसाचा डीएनए पाहिल्याशिवाय त्याला निष्क्रिय ठरवायचे नाही.

यकृताला सूज किती

एसजीपीटी, म्हणजेच एएलटी. इथे फसगत होते ती ‘नॉर्मल’ या छापील शब्दाने. लॅबची मर्यादा ४०, ४५, कधी ५० किंवा ५५ असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पुरुषांसाठी वरची मर्यादा ३० आणि स्त्रियांसाठी १९ आहे. अमेरिकी यकृततज्ज्ञांची संघटना ३५ आणि २५ मानते. म्हणजे एखाद्या बाईचे एसजीपीटी ३८ असेल तर कागदावर ठळक खूण नसेल, पण हिपॅटायटिस बीमध्ये ते वाढलेलेच धरायचे.

उलट बाजूही आहे. एसजीपीटी फक्त बीमुळे वाढते असे नाही. पोटाचा घेर वाढलेला, मधुमेह, दारू, क्षयरोगाची औषधे, जिमची पावडर, काढे ही सगळी कारणे तपासा. डीएनए ५० आणि एसजीपीटी ९० असेल तर दोष बहुधा दुसरीकडे आहे, बहुतेक वेळा फॅटी लिव्हर.

व्रण किती

ही सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाची पायरी. वर्षानुवर्षे सूज राहिली की यकृतात व्रणाच्या तंतूंचे जाळे तयार होते, त्याला फायब्रोसिस म्हणतात. त्याची शेवटची पायरी सिरॉसिस. सिरॉसिस झालेल्या माणसाचेही एसजीपीटी नॉर्मल असू शकते, त्यामुळे फक्त एलएफटी (यकृताच्या नेहमीच्या रक्ततपासण्या) पाहून निर्धास्त राहू नका.

घरच्या घरी करता येणारा हिशेब म्हणजे अ‍ॅप्री गुणांक. एसजीओटीला (एसजीपीटीसोबत येणारा दुसरा आकडा) लॅबच्या एसजीओटीच्या वरच्या मर्यादेने भागा, शंभरने गुणा, आणि प्लेटलेटच्या आकड्याने भागा. प्लेटलेट हजारांत घ्यायच्या: १.८ लाख म्हणजे १८०. उत्तर ०.५ च्या वर असेल तर लक्षणीय फायब्रोसिसची शक्यता, १ च्या वर असेल तर सिरॉसिसची.

यकृताचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन यापेक्षा नेमका. ७ किलोपास्कलच्या वर लक्षणीय फायब्रोसिस, १२.५ च्या वर सिरॉसिस, असे टप्पे जागतिक आरोग्य संघटनेने धरले आहेत. पण हा आकडा सहज चुकतो. तपासणीआधी तीन तास काही खाऊ नका, जेवणानंतर यकृताचा रक्तपुरवठा वाढून आकडा चढतो. एसजीपीटी खूप वाढलेले असताना, हृदय कमकुवत असताना किंवा काविळीत तो फुगतो, आणि पोटात पाणी असेल तर नीट मोजताच येत नाही. रिपोर्टवर किमान दहा मोजमापे आणि ‘आयक्यूआर’ (मोजमापांमधला फरक) ३० टक्के किंवा कमी आहे का ते पाहा. नसेल तर पुन्हा करून घ्या.

पोटाची सोनोग्राफी, अल्ब्युमिन, बिलिरुबिन, पीटी-आयएनआर आणि क्रिएटिनिन हे पहिल्याच फेरीत करायचे. त्यासोबत एचआयव्ही, हिपॅटायटिस सी आणि हिपॅटायटिस डी यांची तपासणी. एचआयव्हीचा आग्रह का, ते समजून घ्या. बीसाठीचे एकटे औषध एचआयव्ही असलेल्या माणसाला दिले तर एचआयव्हीचा विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होतो आणि पुढचे उपचार अवघड होतात.

एक रिपोर्ट उलगडून पाहू

समजा ४२ वर्षांच्या पुरुषाचा कागद असा आहे: एचबीईएजी निगेटिव्ह, एसजीपीटी ४८ (लॅबची मर्यादा ५०), एसजीओटी ५६ (मर्यादा ४०), प्लेटलेट १.४२ लाख, डीएनए १४,५००, सोनोग्राफीत ‘यकृत किंचित खडबडीत’. त्रास काहीच नाही. असा माणूस ‘कॅरिअर’ म्हणून परत पाठवला जातो, कारण एसजीपीटीवर खूण नाही.

आता हिशेब करा. ५६ भागिले ४० म्हणजे १.४, गुणिले १०० म्हणजे १४०, भागिले १४२ म्हणजे ०.९९. अ‍ॅप्री जवळजवळ १. प्लेटलेट दीड लाखाच्या खाली आहेत, आणि सिरॉसिसकडे झुकणाऱ्या यकृतात प्लीहा वाढून त्या कमी होतात. एसजीओटी हे एसजीपीटीपेक्षा जास्त, हीसुद्धा व्रणांकडे बोट दाखवणारी गोष्ट. एसजीपीटी ४८ हे ३० च्या मर्यादेच्या वर. डीएनए २,००० च्या वर. या माणसाला फायब्रोस्कॅन हवा, आणि औषधही हवे. फायब्रोस्कॅनची तारीख लांबची मिळाली म्हणून औषध थांबवायचे कारण नाही.

औषध कोणाला

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या सूचनांनुसार १२ वर्षांवरील व्यक्तीला पुढच्यापैकी एक गोष्ट लागू असेल तर उपचार:

- लक्षणीय फायब्रोसिस किंवा सिरॉसिस. इथे डीएनए आणि एसजीपीटी कितीही असो.
- डीएनए २,००० च्या वर आणि एसजीपीटी वरच्या मर्यादेपेक्षा जास्त.
- सोबत एचआयव्ही, हिपॅटायटिस सी किंवा डी; जवळच्या नातेवाइकाला यकृताचा कर्करोग किंवा सिरॉसिस; मधुमेह किंवा फॅटी लिव्हर; प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे; किंवा बीमुळे मूत्रपिंड, रक्तवाहिन्या यांचा आजार.
- डीएनए तपासणीची सोय नसेल तर सतत वाढलेले एसजीपीटी एवढेही पुरते.

पूर्वीचे निकष यापेक्षा कडक होते. २०२४ च्या आधी ‘औषध नको’ सांगितले असेल तर तेच कागद घेऊन पुन्हा दाखवा, उत्तर बदललेले असू शकते.

गोंधळाची जागा एक आहे: विशीतला मुलगा, एचबीईएजी पॉझिटिव्ह, डीएनए कोटींमध्ये, एसजीपीटी २२, फायब्रोस्कॅन ४.८. एवढा मोठा आकडा पाहून घरचे हादरतात. पण इथे प्रतिकारशक्ती विषाणूशी अजून भिडलेली नाही, म्हणून यकृताला इजाही नाही. दर तीन ते सहा महिन्यांनी एसजीपीटी पाहत राहायचे. तिशी ओलांडली आणि तरी डीएनए तसाच असेल तर उपचाराबद्दल डॉक्टरांशी बोला, युरोपीय सूचना त्याला वाव देतात.

डीएनए २,००० च्या खाली, एसजीपीटी खरोखर नॉर्मल, व्रण नाहीत आणि वरच्या यादीतले दुसरे कारणही नाही, अशा माणसाला औषध नको. पण निष्क्रिय हा शिक्का पहिल्या वर्षात तीन-तीन महिन्यांनी एसजीपीटी आणि दोन-तीनदा डीएनए पाहिल्यावरच मारायचा. नंतर दर सहा महिन्यांनी एसजीपीटी, वर्षाला डीएनए.

कोणते औषध

पहिल्या फळीत तीनच गोळ्या आहेत, रोज एक.

टेनोफोव्हिर डिसोप्रॉक्सिल ३०० मिलिग्रॅम (टीडीएफ): स्वस्त, भरवशाची, गरोदरपणात चालणारी. जेवणाचे बंधन नाही. काही जणांत मूत्रपिंड आणि हाडांवर परिणाम होतो.

टेनोफोव्हिर अ‍ॅलाफेनामाइड २५ मिलिग्रॅम (टीएएफ): मूत्रपिंड-हाडांना सौम्य. जेवणासोबत घ्यायची. वजन आणि कोलेस्टेरॉल थोडे वाढू शकते. क्षयरोगाच्या उपचारातले रिफाम्पिसिन किंवा फिटसाठीचे कार्बामाझेपिन, फेनिटॉइन चालू असेल तर ही गोळी चालत नाही, तिचे रक्तातले प्रमाण पडते. टीबीची औषधे सुरू होताना बीची गोळी सांगायची राहून जाते, ती आवर्जून सांगा.

एन्टेकाव्हिर ०.५ मिलिग्रॅम: रिकाम्या पोटी, जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढच्या खाण्याआधी दोन तास. झोपताना घेणे सोयीचे. पूर्वी लॅमिव्हुडिन हे जुने औषध घेतले असेल तर ही टाळून टेनोफोव्हिर निवडतात. पोटात पाणी, कावीळ असलेल्या बिघडलेल्या सिरॉसिसमध्ये डोस १ मिलिग्रॅम. गरोदरपणात नको.

साठीच्या पुढे, हाडे ठिसूळ, दीर्घकाळ स्टेरॉइड, लघवीत प्रथिने किंवा मूत्रपिंडाचे काम (रिपोर्टवरचा ईजीएफआर) ६० च्या खाली असेल तर टीएएफ किंवा एन्टेकाव्हिर बरे. टीडीएफ आणि एन्टेकाव्हिरचे डोस मूत्रपिंडाचे काम ५० च्या खाली गेल्यावर बदलावे लागतात.

एकटे लॅमिव्हुडिन आज कोणी लिहून दिले तर कारण विचारा. पाच वर्षांत सुमारे ७० टक्के रुग्णांत विषाणू त्याला दाद देईनासा होतो. एन्टेकाव्हिरमध्ये, आधी औषध न घेतलेल्यांत, हेच प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास आहे.

पेगिलेटेड इंटरफेरॉनचे आठवड्याला एक इंजेक्शन, ४८ आठवडे. ठरावीक मुदतीत संपते हे आकर्षण, पण ताप, अंगदुखी, नैराश्य, रक्तपेशी कमी होणे हे त्रास मोठे आणि फायदा थोड्यांनाच. भारतात या विषाणूचा डी जनुकप्रकार जास्त आढळतो आणि त्याला इंटरफेरॉनचा प्रतिसाद ए प्रकारापेक्षा कमी मिळतो. पुढच्या टप्प्यातल्या सिरॉसिसमध्ये आणि गरोदरपणात ते धोक्याचे.

खर्चाची काळजी असेल तर २८ जुलै २०१८ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासण्या आणि गोळ्या मोफत आहेत. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयात या कार्यक्रमाचे उपचार केंद्र कुठे आहे ते विचारा. आधीचे सगळे कागद तारखेप्रमाणे लावून न्या.

सुरू केल्यावर, आणि बंद करण्याबद्दल

पहिल्या वर्षी दर तीन ते सहा महिन्यांनी एसजीपीटी आणि डीएनए, नंतर सहा ते बारा महिन्यांनी. टेनोफोव्हिरवर असाल तर क्रिएटिनिन, फॉस्फरस आणि लघवीची तपासणीही. सुरुवातीचा डीएनए कोटींत असेल तर तो नाहीसा व्हायला दोन-तीन वर्षे लागू शकतात. उतरत असेल तोवर औषध बदलू नका. खालच्या आकड्यावरून दहापट वर गेला तर आधी गोळ्यांची पाकिटे मोजा. कारण बहुतेकदा चुकलेल्या गोळ्या हेच असते. एक गोळी राहिली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी परस्पर बंद करणे ही या आजारातली सर्वांत घातक गोष्ट. काही आठवड्यांत विषाणू उसळी घेतो, एसजीपीटी हजारांत जाते, आणि सिरॉसिस असेल तर यकृत निकामी होऊ शकते. बंद करण्याचा विचार एचबीएसएजी निगेटिव्ह झाल्यावर होतो, आणि ते वर्षाला शंभरातल्या एखाद्यालाच साधते. किंवा सिरॉसिस नसताना एचबीईएजी जाऊन अँटी-एचबीई आल्यावर निदान आणखी १२ महिने औषध घेऊन. तेव्हाही डॉक्टरांच्या नजरेखाली, बंद केल्यावर दर महिना-दोन महिन्यांनी तपासणीसह.

काविळीची माळ, चुन्याच्या पाण्याने कावीळ उतरवणे याने डीएनए हलत नाही. गुळवेलीबद्दल खास सावध राहा: २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले आहेत. दारू पूर्ण बंद. पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमच्या आत, म्हणजे ५०० च्या चार गोळ्यांपलीकडे नाही. हळद, तेल, अंडी बंद करण्याची गरज नाही.

केमोथेरपी, रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्ती दाबणारे औषध), किंवा महिन्याहून जास्त मोठ्या डोसचे स्टेरॉइड सुरू होणार असेल तर त्याआधीच बीची गोळी सुरू करावी लागते. रिटुक्सिमॅबच्या बाबतीत एचबीएसएजी निगेटिव्ह पण अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह असणाऱ्यालाही. कर्करोगतज्ज्ञाला जुना बीचा रिपोर्ट दाखवायचा तो याचसाठी.

सिरॉसिस असलेल्या प्रत्येकाने, आणि सिरॉसिस नसला तरी चाळिशीपुढचे पुरुष, पन्नाशीपुढच्या स्त्रिया आणि घरात यकृताचा कर्करोग झालेले यांनी, औषध चालू असो वा नसो, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची, शक्यतो एएफपी या यकृताच्या कर्करोगासाठीच्या रक्ततपासणीसह. गाठ दोन सेंटिमीटरची असताना सापडली तर काढता येते. रक्ताची उलटी, काळी शौच, पोट फुगणे किंवा असंबद्ध बोलणे दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात जायचे.

गरोदरपण आणि घरातले

आईचा डीएनए दोन लाखांच्या वर किंवा एचबीईएजी पॉझिटिव्ह असेल तर दुसऱ्या तिमाहीपासून टीडीएफ देतात. बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लसीचा पहिला डोस, सोबत दुसऱ्या मांडीत हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडींचे इंजेक्शन. पुढे ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलेंट, या लसीत बीची लसही असते. बाळंतपण कुठे होणार ते ठरताच तिथे इम्युनोग्लोब्युलिन उपलब्ध आहे का ते विचारून ठेवा, रात्री ऐनवेळी शोधाशोध होते. अंगावर पाजायला हरकत नाही. बाळाची तपासणी ९ महिन्यांनंतर, आधी केली तर दिशाभूल होते. गोळी बंद केल्यावर आईच्या एसजीपीटीवर सहा महिने लक्ष ठेवा.

जोडीदार, मुले, आईवडील आणि भावंडे, सगळ्यांचे एचबीएसएजी, अँटी-एचबीसी आणि अँटी-एचबीएस करा. भावंडे राहून जातात, आणि एकाच आईची असल्याने त्यांच्यातच दुसरा रुग्ण सापडतो. निगेटिव्ह आणि असंरक्षित प्रौढांना लस ०, १ आणि ६ महिन्यांनी, दंडात. कुल्ल्यात दिली तर परिणाम कमी होतो. जोडीदाराचे अँटी-एचबीएस तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी तपासा. ते १० च्या वर येईपर्यंत निरोध वापरा. रेझर, ब्रश, नेलकटर वेगळे, आणि दाढीच्या दुकानात नवे ब्लेड समोर लावून घ्या. ताट, पेला, अंथरूण वेगळे करू नका. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, मुलांना मांडीवर घेतल्याने हिपॅटायटिस बी पसरत नाही.